एल अक्षरापाशी अडलेली सूची

इ.स. १५४३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधल्या विंडसर गावात काही घरांच्या झडत्या झाल्या. आठव्या हेन्रीचा किल्ला याच गावात, किल्ल्याच्या आवारात सेंट जॉर्ज चॅपेल, आणि त्या चॅपेलमध्ये ऑर्गन वाजवणारा जॉन मारबेक हा झडती झालेल्यांपैकी एक. अधिकारी पाखंडी मताचे कागद शोधत होते. प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्व्हिनच्या एका लेखाची मारबेकने स्वतःच्या हाताने केलेली नक्कल त्यांना मिळाली, आणि ती पुढे त्याच्या गळ्याशी आली. पण त्याच घरात कागदांचा दुसरा एक मोठा गठ्ठा होता, त्याने मात्र सगळ्यांना बुचकळ्यात टाकले. त्यात ना मत होते, ना वाद. नुसते इंग्रजी शब्द, अक्षरक्रमाने लावलेले, आणि प्रत्येकापुढे तो शब्द बायबलमध्ये कुठेकुठे येतो त्या जागा. ए पासून सुरू झालेले काम एल पर्यंत आले होते.

अशा ग्रंथाला कॉन्कॉर्डन्स म्हणतात. आपल्याकडे पदसूची किंवा शब्दानुक्रमणिका म्हणू. दिसायला इतका निरुपद्रवी ग्रंथ दुसरा नसेल. तरी तो करणाऱ्याला बिशपांसमोर उभे राहावे लागले, आणि बिशपांना त्यात धोका दिसला हे मला मुळीच अतिशयोक्तीचे वाटत नाही. त्यासाठी जरा मागे जायला हवे.

एकच शब्द दोन ठिकाणी आला तर त्या दोन जागांचे एकमेकींशी काही नाते असते, ही समजूत ज्यू धर्मशास्त्रात फार जुनी. तालमूदमध्ये हिल्लेलची एक कथा आहे. वल्हांडणाचा सण एकदा शब्बाथच्या दिवशी आला. शब्बाथला काम वर्ज्य. मग सणाचे कोकरू मारायचे की नाही? त्या वेळच्या प्रमुखांना नियम आठवेना. बाबिलोनहून आलेल्या हिल्लेलने सांगितले की वल्हांडणाच्या आज्ञेत ‘नेमलेल्या वेळी’ हे पद आहे, आणि मंदिरातल्या रोजच्या बळीच्या आज्ञेतही तेच पद आहे. रोजचा बळी शब्बाथलाही चुकत नाही, तेव्हा हाही चुकवायचा नाही. एका पदाच्या जोरावर निकाल लागला आणि हिल्लेलला प्रमुखपद मिळाले. हे दोन उल्लेख गणना पुस्तकाच्या नवव्या आणि अठ्ठाविसाव्या अध्यायांत आहेत, एकमेकांपासून चांगले दूर. त्याच्यापुढे सूची नव्हती. असे लोक पाठांतरावरच चालत.

पुढे सातव्या ते दहाव्या शतकांत गालीलच्या सरोवराकाठी तिबेरिया गावात मसोरा पंडितांनी हे पाठांतर समासात उतरवले. हेतू अर्थ लावण्याचा नव्हता. नकलाकाराच्या हातून अक्षर इकडचे तिकडे होऊ नये, एवढाच होता. बायबलचा अगदी पहिला शब्द घ्या, ‘प्रारंभी’ या अर्थाचा. त्याच्या बाजूला बारीक खुणा असतात. त्यांचा अर्थ असा, की हा शब्द याच रूपात पाच वेळा येतो आणि त्यांपैकी तीन वेळा वचनाच्या सुरुवातीला. पाचांपैकी एक उत्पत्तीत, उरलेले चार एकदम यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात. यंत्र नाही, पानांना आकडे नाहीत, आणि हिशेब चोख.

तरीही समासातल्या त्या खुणा ज्याला ग्रंथ आधीच पाठ आहे त्याच्याच उपयोगाच्या. ज्याला पाठ नाही त्याची सोय प्रथम पॅरिसमध्ये झाली. तेराव्या शतकात डॉमिनिकन पंथ नवा होता. १२१६ मध्ये त्याला पोपची मान्यता मिळालेली. गावोगाव फिरून प्रवचने करायची आणि पाखंड मोडून काढायचे, हे त्यांचे व्रत. प्रवचनकार एखादा शब्द धरतो, समजा पाणी किंवा मेंढपाळ, आणि शास्त्रातले त्याचे सगळे उल्लेख एकामागून एक लोकांपुढे मांडत जातो, ही त्या काळची रीत. मठात जन्म घालवलेल्या साधूला हे जमे. विशीतला, कालपरवा दीक्षा घेतलेला पोरगा हे कोठून आणणार? सेंट जॅक मठात ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली, १२३० च्या दशकात, या पोरांसाठी लॅटिन बायबलची पहिली सूची तयार झाली. हा ह्यू पुढे १२४४ मध्ये कार्डिनल झाला. पाचशे साधू या कामाला बसवले होते अशी आख्यायिका आहे. आकडा आख्यायिकेतलाच समजावा. पण काम अनेक हातांचे होते एवढे खरे. अक्षरांची वाटणी करून घेतलेल्या कच्च्या खर्ड्यांची पाने जुन्या हस्तलिखितांच्या बांधणीत पुठ्ठ्याला चिकटवलेली सापडली आहेत. काम झाल्यावर चर्मपत्र वाया कशाला घालवा, असा हिशेब.

अडचण होती ती जागा सांगायची कशी, ही. प्रत्येक प्रतीची पाने वेगळी, त्यामुळे पानाचा आकडा कुचकामी. अध्याय नुकतेच पडले होते. ते स्टीफन लँग्टन या पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या इंग्रज पंडिताने पाडले असे मानतात. वचनांना आकडे यायला अजून तीनशे वर्षे होती. रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये नव्या कराराला ते लावले. मग सेंट जॅकच्या साधूंनी तोड काढली. प्रत्येक अध्यायाचे मनातल्या मनात सात सारखे तुकडे करायचे आणि त्यांना ए पासून जी पर्यंत अक्षरे द्यायची. योहान, तीन, बी असे दिसले की योहानाचा तिसरा अध्याय काढायचा, सातवा हिस्सा नजरेने ओलांडायचा आणि पुढच्या चारपाच ओळी चाळायच्या. प्रत कोणाचीही असो, अक्षर लहान असो की मोठे, नेम फार चुकत नसे. पंक्तीत वाढप्याने श्रीखंड अंदाजाने वाढावे आणि ते शेवटच्या पानापर्यंत पुरावे, तसला हा अंदाज.

पहिल्या सूचीत नुसत्या जागा होत्या. शब्द शंभर ठिकाणी असला तर शंभर वेळा पाने उलटा. म्हणून इंग्रज डॉमिनिकनांनी शब्दाबरोबर अख्खी वाक्ये दिली. तो ग्रंथ इतका फुगला की वापरायला अवघड. शतक संपण्याआधी तिसरी आवृत्ती झाली, शब्दाच्या आजूबाजूचे चारसहा शब्दच देणारी. हीच टिकली, तिच्याच नकला झाल्या, आणि आजच्या सूच्याही तिच्याच वळणाच्या आहेत. या सगळ्यात एक गोष्ट सहज नजरेआड होते. शास्त्राची मांडणी तोवर शास्त्राच्याच क्रमाने होई. आधी देव, मग देवदूत, मग माणूस. अक्षरक्रमात कोणाचा मान राहत नाही. एखाद्या क्षुद्र वस्तूचे नाव देवाच्या नावाआधी येऊ शकते, आणि ते तसे आल्याशिवाय सूची चालत नाही.

पाखंड्यांशी आणि ज्यूंशी वाद घालायला हे हत्यार बरे पडले. पण ते एका बाजूकडे राहिले नाही. १४१३-१४ मध्ये स्पेनमधल्या तोर्तोसा येथे मोठा वादविवाद भरवला गेला. ज्यू रब्बींना बोलावून आणले, समोर धर्मांतर केलेला एक विद्वान उभा केला, आणि रब्बींच्याच शास्त्रातली वचने त्यांच्यावर फेकली. पुढच्या पिढीतल्या इसहाक नाथान या आर्ल गावच्या ज्यू विद्वानाने ओळखले, की समोरच्याच्या हाती काहीतरी आहे जे आपल्या हाती नाही. त्याने १४३७ ते १४४७ अशी दहा वर्षे घालवून लॅटिन सूचीच्या धर्तीवर हिब्रू बायबलची पहिली सूची केली. जागा सांगण्यासाठी ख्रिस्ती लोकांचे अध्याय त्याने उचलले, कारण वाद घालायचा तर दोघांचा नकाशा एकच हवा. १५२३ च्या सुमारास व्हेनिसमध्ये डॅनियल बॉम्बर्गने ती छापली. बॉम्बर्ग स्वतः ख्रिस्ती. पुढे १६३२ मध्ये बाझेलला बुक्सटॉर्फची हिब्रू सूची निघाली, तीही नाथानच्याच पायावर, आणि ती वापरली प्रामुख्याने ख्रिस्ती पंडितांनी. ही सूची ज्याने ज्यांच्यासाठी केली त्यांच्याकडे ती कधी राहिलीच नाही, असे तिचा इतिहास वाचताना सारखे जाणवते.

आता विंडसर. हेन्रीने पोपशी नाते तोडले होते, १५३९ मध्ये इंग्रजी बायबल छापून चर्चमध्ये ठेवायलाही लावले होते, पण लोक ते वाचून आपापसात वाद घालू लागले तसा तो बिथरला. १५४३ मध्येच पार्लमेंटने कायदा केला, की कारागीर, उमेदवार, मजूर, शेतकरी आणि सामान्य घरातल्या बायका यांनी इंग्रजी बायबल वाचायचे नाही. मारबेक कारागिरांच्या थोडासाच वरचा. छापील बायबल विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून त्याने ते हाताने उतरवून काढायला घेतले होते. टर्नर नावाच्या मित्राने सांगितले, की उतरवत बसण्यापेक्षा सूची कर, तिचा उपयोग होईल. सूची म्हणजे काय हेही मारबेकला तोवर ठाऊक नव्हते. लॅटिन सूची एका हाताला आणि इंग्रजी बायबल दुसऱ्या हाताला, अशी पद्धत मित्रानेच घालून दिली.

चौकशीची हकिगत जॉन फॉक्सने आपल्या हुतात्म्यांच्या ग्रंथात तपशिलाने दिली आहे. फॉक्स प्रॉटेस्टंट, त्याची सहानुभूती उघड आहे, तेव्हा ती थोडी जपूनच वाचावी. मुख्य चौकशीकर्ता विंचेस्टरचा बिशप स्टीफन गार्डिनर. गार्डिनरला पटेना की जेमतेम लॅटिन येणारा एक वाजंत्री हे एकट्याने करू शकेल. यामागे कोणीतरी विद्वान आहे, त्याचे नाव सांग, असा त्याचा आग्रह. शिवाय असला ग्रंथ इंग्रजीत निघाला तर लॅटिन बुडेल, असेही तो म्हणाला असे फॉक्स सांगतो. हे त्याच्या तोंडी शोभते. आदल्याच वर्षी याच गार्डिनरने धर्मसभेपुढे शंभराच्या आसपास लॅटिन शब्दांची यादी ठेवली होती, इंग्रजी बायबलमध्ये हे शब्द भाषांतर न करता तसेच राहू द्यावेत म्हणून. शब्द ज्याच्या ताब्यात त्याचा धर्मावर ताबा, हे तुरुंगातल्या वादकापेक्षा बिशपला जास्त चांगले कळत होते.

मारबेकने सांगितले, मला पुढचे अक्षर द्या, करून दाखवतो. एल पर्यंत काम झालेले, म्हणून एम मधले काही शब्द निवडून दिले गेले. कोठडीत लॅटिन सूची आणि इंग्रजी बायबल आणून ठेवले. त्याने एका दिवसात ताव भरून परत दिले. ते पाहून चौकशी करणारे चकित झाले, आणि राजाच्या कानावर गेले तेव्हा तो म्हणाला, की या माणसाने आपला वेळ त्याची चौकशी करणाऱ्यांपेक्षा बऱ्या कामी लावला आहे. ही सगळी खटपट चालू असताना मारबेकची बायको तान्हे मूल कडेवर घेऊन नवऱ्याला भेटू द्या म्हणून बिशपच्या दारात दिवसेंदिवस खेटे घालत होती.

जुलैच्या २८ तारखेला विंडसरला तिघांना जिवंत जाळले: अँथनी पिअर्सन हा पाद्री, हेन्री फिल्मर, आणि चॅपेलमधला मारबेकचा सहकारी, गायक रॉबर्ट टेस्टवुड. शिक्षा मारबेकलाही झाली होती. त्याला राजाची माफी मिळाली. फॉक्सने आधी त्यालाही जळालेल्यांत धरले होते, मग ते दुरुस्त केले.

घरी येऊन त्याने काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, कारण जप्त झालेले कागद गेलेच होते. दुसऱ्यांदा पुरे झाले तेव्हा ते इतके मोठे की मुद्रकाला परवडेना. तिसऱ्यांदा, आटोपशीर करून लिहिले. १५५० मध्ये रिचर्ड ग्राफ्टनने ते छापले तेव्हा हेन्री मरून तीन वर्षे झाली होती, गादीवर त्याचा लहान मुलगा एडवर्ड होता, अर्पणपत्रिका त्याच्याच नावाची, आणि गार्डिनर लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत होता. त्याच वर्षी मारबेकचे दुसरे पुस्तक निघाले, इंग्रजी प्रार्थनेच्या स्वरलेखनाचे. संगीताच्या इतिहासात त्याचे नाव आहे ते त्या पुस्तकामुळे.

त्यानंतर दोनशे वर्षांत इंग्रजीत सूच्या बऱ्याच झाल्या, पण घराघरांत पोहोचली ती अलेक्झांडर क्रूडनची. क्रूडनचा जन्म १६९९ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचा. लंडनमध्ये तो मुद्रिते तपासायचा, मग रॉयल एक्स्चेंजजवळ पुस्तकांचे दुकान काढले. एका उमरावाने त्याला फ्रेंच वाचून दाखवायला नोकरीस ठेवले होते. क्रूडनची फ्रेंच डोळ्यांनी शिकलेली, उच्चाराचा पत्ता नाही, नोकरी लवकरच गेली. अक्षर न् अक्षर पाहण्याची ही सवय एका ठिकाणी मात्र कामाला आली. मदतनीस नाही, आश्रयदाता नाही, दिवसाचे पोटापाण्याचे काम सांभाळून त्याने राजा जेम्सच्या बायबलची सूची एकट्याने केली. सेंट जॅकमध्ये अनेक हात या कामी लागले होते, हे लक्षात घेतले की त्याचे काम मोठे वाटते. नोव्हेंबर १७३७ मध्ये त्याने ती राणी कॅरोलाइनला भेट दिली. राणीने बक्षिसी देऊ म्हटले आणि त्याच महिन्याच्या २० तारखेला ती वारली. छपाईचे पैसे अंगावर आले, दुकान बंद झाले.

पुढच्या वर्षी त्याला बेथनल ग्रीनच्या वेड्यांच्या इस्पितळात डांबले. कारण एका विधवेच्या मागे लागल्याचे सांगतात. पलंगाला साखळीने बांधले होते. त्याने सुरीने पलंगाचा पायच कापला आणि साखळी घेऊन भिंतीवरून पळाला. बाहेर येऊन आपल्या हकिगतीचे पुस्तक छापले, डॉक्टरांवर खटला भरला आणि हरला. म्हातारपणी तो स्वतःला ‘दुरुस्तीकार अलेक्झांडर’ म्हणवून घेई आणि खिशात स्पंज घेऊन लंडनभर फिरे. भिंतीवर कुठे ‘४५’ दिसले की पुसून टाकी. जॉन विल्क्सच्या पत्राचा राजावर टीका करणारा तो अंक होता, आणि क्रूडनला विल्क्सचा मनस्वी राग. याच माणसाने खोट्या कागदाबद्दल फाशी जाणाऱ्या एका अडाणी खलाशाचा जीव वाचवला. तो वेडा होता की नाही यावर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले आहे. त्याच्या सूचीत वेडाचा मागमूस नाही, एवढे तिचा कोणताही वाचक सांगेल. १७७० मध्ये तो वारला तेव्हा गुडघे टेकलेल्या स्थितीत सापडला. पुस्तक आजही छापले जाते.

क्रूडनच्या सूचीची मर्यादा अशी, की ती एका भाषांतराची सूची आहे. मूळ हिब्रूतला एक शब्द इंग्रजीत चार तऱ्हांनी आला असेल तर माग तिथेच तुटतो. जेम्स स्ट्राँग या अमेरिकन प्राध्यापकाने शंभरावर मदतनिसांसह पस्तीस वर्षे खपून १८९० मध्ये त्यावर इलाज काढला: प्रत्येक मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दाला एक क्रमांक. हिब्रू येत नसले तरी क्रमांक जुळवता येतो. लगेच पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये, मुंबईत सरकारी संस्कृत ग्रंथमालेत कर्नल जी. ए. जेकब याचा उपनिषद्वाक्यकोश निघाला, प्रमुख उपनिषदे आणि भगवद्गीता यांची पदसूची. ‘आत्मन्’ कुठेकुठे येतो हे पाहायला आता कोणा घनपाठ्याचे पाय धरायला नकोत. साधन तेच, पॅरिसच्या साधूंचे; क्रम मात्र अ आ इ ई.

सूचीने शब्द सापडतात, पण सुटेसुटे. कथेत ते एकमेकांना हाक मारतात ते ऐकू येत नाही. उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायात योसेफाचे भाऊ रक्तात बुडवलेला झगा बाप याकोबापुढे टाकतात आणि म्हणतात, ओळखा पाहू. पुढच्याच अध्यायात तामार ही सून, सासरा यहूदा तिला जाळायला निघाला असता, त्याचीच मुद्रा आणि काठी त्याच्याकडे पाठवते आणि म्हणते, ओळखा पाहू. मुळात शब्द अगदी तेच आहेत. झगा पाठवण्यात यहूदा होताच. जुन्या रब्बींनी हे हेरले होते, बहुतेक भाषांतरांत ते हरवते. मार्टिन बुबर आणि फ्रान्झ रोझेन्झ्वाइग या ज्यू विचारवंतांनी १९२५ मध्ये जर्मनीत नवे भाषांतर हाती घेतले ते याच हट्टाने: हिब्रूत जो धातू पुन्हा येतो, त्याला जर्मनमध्येही पुन्हा तोच शब्द, कानाला कितीही खटकला तरी. रोझेन्झ्वाइग पक्षाघाताने लुळा पडलेला, बोलता येत नव्हते. बायकोच्या मदतीने एकेक अक्षर दाखवून तो आपले शेरे कळवी. १९२९ मध्ये तो गेला. बुबर १९३८ मध्ये जेरुसलेमला आला आणि १९६१ मध्ये तिथे त्याने काम पुरे केले. ते जर्मन ज्यूंसाठी सुरू केलेले होते. पूर्णतेच्या समारंभात गेर्शोम शोलेम या ज्यू विद्वानाने बुबरच्या तोंडावर विचारले, की हे आता कोणासाठी.